उष्णता हरवली असती, तर उत्तर कमी यायला हवं होतं

जर्नलच्या शेवटच्या पानावर सगळं जागच्या जागी होतं. मॅग्नेशियम ऑक्साइड तयार होण्याची एन्थाल्पी, म्हणजे अभिक्रियेत दिली-घेतली जाणारी उष्णता (उणे चिन्ह म्हणजे बाहेर पडलेली): उणे ६२१.९ किलोज्यूल प्रति मोल. पुस्तकातलं मूल्य: उणे ६०१.६. त्रुटी: ३.४ टक्के. त्रुटीचं कारण: 'काही उष्णता परिसरात गेली.'

थर्माकोलच्या पेल्यात केलेल्या प्रयोगासाठी साडेतीन टक्के म्हणजे तक्रारीला जागाच नाही. मी सही करायला पेन टेकवलं, आणि नजर त्या 'कारण'वर अडली. ते वाक्य उष्णतेच्या प्रत्येक प्रयोगाखाली असतं. मी विद्यार्थी असताना मीही ते कॉपी करत आलो. पण इथे ते बसत नव्हतं. मॅग्नेशियम ऑक्साइड तयार होताना उष्णता बाहेर पडते. त्यातली काही आपल्या हातून निसटली असेल, तर आपण मोजलेला आकडा ६०१.६ पेक्षा लहान हवा. हा तर वीसने मोठा होता. निसटलेल्या उष्णतेने आकडा वाढतो कसा?

मी जर्नल परत दिलं आणि म्हटलं, "सही उद्या. हे वीस किलोज्यूल कुठून आले ते शोधू."

मुळात आडवळणाने का जायचं

मॅग्नेशियमची फीत जाळून उष्णता थेट का मोजत नाहीत, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. फीत जळते ती डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या उजेडात. तयार झालेलं ऑक्साइड धुरासारखं उडून जातं, थोडं मॅग्नेशियम हवेतल्या नायट्रोजनशी जुळून नायट्राइड होतं, आणि तो जाळ पाण्याच्या पेल्यात कोंडता येत नाही. पोलादी बॉम्ब कॅलरीमीटर, म्हणजे पदार्थ आत जाळून उष्णता मोजायचं बंद भांडं, असेल तर गोष्ट वेगळी. पेल्यातून तेच उत्तर काढायचं, तर हेसच्या नियमाची वाट धरावी लागते.

जर्मेन हेस हा जिनिव्हात जन्मलेला आणि सेंट पीटर्सबर्गला काम केलेला रसायनशास्त्रज्ञ. १८४० मध्ये त्याने मांडलं की अभिक्रिया एका टप्प्यात करा की दहा टप्प्यांत, सुरुवात आणि शेवट तोच असेल तर एकूण उष्णता तीच. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अजून कोणी नीट लिहूनही काढलेला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट.

आमच्या प्रयोगाचे टप्पे तीन:

पहिला: मॅग्नेशियम + हायड्रोक्लोरिक आम्ल → मॅग्नेशियम क्लोराइड + हायड्रोजन वायू

दुसरा: मॅग्नेशियम ऑक्साइड + हायड्रोक्लोरिक आम्ल → मॅग्नेशियम क्लोराइड + पाणी

तिसरा: हायड्रोजन + अर्धा मोल ऑक्सिजन → द्रवरूप पाणी

पहिला आहे तसा ठेवायचा, दुसरा उलटा करायचा, तिसरा त्यात मिळवायचा. आम्ल, क्लोराइड, हायड्रोजन आणि पाणी दोन्ही बाजूंनी कटतात. उरतं ते मॅग्नेशियम + अर्धा मोल ऑक्सिजन → मॅग्नेशियम ऑक्साइड. पहिले दोन टप्पे पेल्यात मोजायचे. तिसऱ्याची एन्थाल्पी, उणे २८५.८, तक्त्यातून घ्यायची.

दुसरा टप्पा उलटा होतो, हे या प्रकरणात सगळ्यात जास्त लक्षात ठेवायचं. सरळ दिशेने तो उष्मादायी आहे, म्हणून त्याचं चिन्ह उणे. उलटा केला की तोच उष्माग्राही, चिन्ह अधिक.

पेला, काटा आणि आलेख

एकात एक बसवलेले थर्माकोलचे दोन पेले, वर भोक पाडलेलं झाकण, दशांश अंश दाखवणारा तापमापी आणि काचेची ढवळणी, एवढीच सामग्री. आधी पेल्याची स्वतःची उष्माधारकता काढायची, कारण पेला आणि तापमापीही थोडी उष्णता पितात. २४.० अंशांचं ५० ग्रॅम पाणी पेल्यात, त्यात ४६.० अंशांचं ५० ग्रॅम पाणी ओतलं. पेल्याने काहीच घेतलं नसतं तर मिश्रण ३५.० ला थांबलं असतं. ते ३४.६ ला थांबलं.

गरम पाण्याने दिलेली उष्णता: ५० × ४.१८ × ११.४ = २३८३ ज्यूल. थंड पाण्याने घेतलेली: ५० × ४.१८ × १०.६ = २२१५ ज्यूल. मधले १६८ ज्यूल पेल्याने १०.६ अंश चढताना घेतले, म्हणजे अंशामागे सुमारे १६ ज्यूल. रीडिंग एका दशांशाने इकडेतिकडे झालं असतं तर हाच आकडा १२ किंवा २० आला असता, त्यामुळे त्यावर फार प्रेम करू नये. पण एकूण हिशोबात चार ज्यूलचा फरक एका टक्क्याच्या आतच राहतो.

आता पहिला टप्पा. १०० मिलिलिटर १ मोलार आम्ल, सॅंडपेपरने घासून चकचकीत केलेली ०.५० ग्रॅम फीत. घासायचं विसरलं की फितीवरचा ऑक्साइडचा थरही मॅग्नेशियम म्हणून तोलला जातो. फीत आत पडली की फसफसून हायड्रोजन सुटतो, आणि झाकण नसेल तर त्याच्याबरोबर आम्लाचे बारीक तुषार आणि वाफ निघून जाते.

सुरुवातीचं तापमान २५.४. दोन मिनिटांनी सर्वांत जास्त रीडिंग ४६.७, नंतर हळूहळू उतार. बरेच जण इथे ४६.७ मधून २५.४ वजा करून मोकळे होतात. पण तापमान चढत होतं त्या दोन मिनिटांतही पेला थंड होतच होता. म्हणून उताराची रेघ आलेखावर मागे, फीत टाकली त्या क्षणापर्यंत वाढवायची. ती ४७.३ ला भेटली. खरी वाढ २१.९.

आम्ल पाण्यासारखंच धरलं तर १०० × ४.१८, म्हणजे अंशामागे ४१८ ज्यूल, आणि पेल्याचे १६. उष्णता = (४१८ + १६) × २१.९ = ९५०५ ज्यूल. मोल = ०.५० ÷ २४.३१ = ०.०२०५७. भागाकार ४६२.१. तापमान वाढलं, म्हणजे अभिक्रियेने उष्णता दिली, म्हणून उणे ४६२.१ किलोज्यूल प्रति मोल. आलेख मागे न वाढवता २१.३ धरले असते तर उणे ४४९ आले असते. नुसत्या त्या रेघेची किंमत तेरा किलोज्यूल.

दुसऱ्या टप्प्यात तेवढंच आम्ल आणि १.०० ग्रॅम पांढरी पूड. वाढ ७.२ अंश. उष्णता = ४३४ × ७.२ = ३१२५ ज्यूल. मोल = १.०० ÷ ४०.३० = ०.०२४८१. उणे १२६.०.

बेरीज: उणे ४६२.१, अधिक १२६.०, उणे २८५.८. उत्तर उणे ६२१.९. मी सगळं पुन्हा तपासलं. आकडेमोडीत एकही चूक नव्हती.

चूक कोणत्या बाजूला ढकलते

फळ्यावर मी एवढंच लिहिलं: पहिला टप्पा उत्तराला खाली ओढतो, दुसरा उलटा होऊन वर ओढतो. तर दोन्ही टप्प्यांत सारख्या प्रमाणात उष्णता हरवली, समजा दहापैकी एक भाग, तर काय होईल?

खरी मूल्यं तक्त्यातून काढता येतात: पहिल्या टप्प्याचं उणे ४६६.९, दुसऱ्याचं उणे १५१.१. दोघांचा एक दशांश कापला तर उणे ४२०.२ आणि उणे १३६.०. मग उत्तर उणे ४२०.२ अधिक १३६.० उणे २८५.८, म्हणजे उणे ५७०.०. आकडा लहानच झाला. पहिल्या टप्प्याचा आकडा मोठा, त्यामुळे सारखी गळती झाली की पारडं त्याच्याच बाजूने झुकतं. दोन्हीकडे सारखी गळती उत्तर ६०१.६ च्या पलीकडे नेऊ शकत नाही.

ज्या मुलीचं जर्नल होतं तिने लगेच अडवलं. "सर, पण आम्ही आम्लाची विशिष्ट उष्मा, म्हणजे एक ग्रॅम एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता, पाण्याइतकीच धरली. ती जास्त धरली गेली असेल, तर दोन्ही आकडे फुगतील ना?"

हा आक्षेप पक्का होता, आणि खरं सांगायचं तर तो माझ्या मनात आलाच नव्हता. १ मोलार आम्लाची विशिष्ट उष्मा शुद्ध पाण्यापेक्षा काही टक्के कमीच असते. १०० मिलिलिटर आम्ल १०० ग्रॅमहून थोडं जड असतं, त्यामुळे थोडी भरपाई होते, पण पूर्ण नाही. म्हणजे ४१८ हा आकडा जरा फुगीरच. शाळा-कॉलेजातल्या पुष्कळ प्रयोगांत हा फुगवटा आणि उष्णतेची गळती एकमेकांना झाकतात आणि उत्तर भलतंच देखणं येतं.

मग तिलाच म्हटलं, "फुगवटा असो की गळती, तो दोन्ही टप्प्यांना सारखाच लागेल. तर त्याचं माप पहिल्या टप्प्यातच दिसायला हवं." पहिला टप्पा ४६६.९ ऐवजी ४६२.१ होता, म्हणजे ९९ टक्के. तेच माप दुसऱ्याला लावलं तर १४९ ते १५० यायला हवे होते. आले १२६, म्हणजे ८३ टक्के. एकाच पेल्यात, एकाच तापमापीने, त्याच हातांनी केलेल्या दोन प्रयोगांत एक ९९ आणि दुसरा ८३. म्हणजे दोष उपकरणात नव्हता. तो दुसऱ्या टप्प्यातच होता, आणि तो टप्पा उलटा होतो म्हणून त्यातली तूट उत्तरात वाढ होऊन बाहेर पडत होती.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या टप्प्यात पेला खोलीच्या तापमानापेक्षा सातच अंश वर गेला होता, पहिल्यात बावीस. गळती व्हायचीच तर ती पहिल्यात जास्त व्हायला हवी.

संशयित

पहिला संशय न विरघळलेल्या पुडीवर. मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हलकी असते, आम्लावर तरंगते, गुठळ्या धरते. तळाशी पांढरं काही उरलं तर तितक्या मोलांची उष्णता आलीच नाही असं समजायचं. पण पेल्यातलं द्रावण तिने बाजूला ठेवलं होतं आणि ते पाण्यासारखं नितळ होतं. कडेला, झाकणाला काही चिकटलेलं नव्हतं.

आम्ल कमी पडलं का? आम्लाचे मोल ०.१, लागणारे ०.०५. भरपूर उरत होतं. वजनकाटा? मानक वजन ठेवून पाहिलं, बरोबर. अभिक्रिया फार सावकाश झाली आणि आलेखाची रेघ चुकली का? सात-आठ मिनिटांच्या रीडिंगचा उतार सरळ होता. हे सगळे दरवाजे अर्ध्या तासात बंद झाले.

उरली ती पूड.

जर्नलच्या कच्च्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ होती, पक्क्या पानावर ती आलीच नव्हती: 'पूड टाकल्यावर थोडे बुडबुडे.' विचारलं तर म्हणाली, "आम्ल आणि बुडबुडे, मला वाटलं येतातच." पण दुसऱ्या टप्प्याचं समीकरण पुन्हा वाचा. त्यात वायू कुठेच नाही. ऑक्साइड आणि आम्ल मिळून क्षार आणि पाणी होतं, बस. मग बुडबुडे कसले?

घाई मात्र करायची नव्हती. हलक्या पुडीत हवा अडकलेली असते आणि ओली झाली की तीही बुडबुड्यांनी बाहेर येते. म्हणून चिमूटभर पूड परीक्षानळीत घेतली, आधी साधं पाणी घालून हलवली, हवा निघू दिली, पाणी शांत झाल्यावर आम्ल टाकलं. बुडबुडे पुन्हा आले. निघालेला वायू चुन्याच्या निवळीत सोडला. निवळी दुधाळ झाली, अगदी पुसट, पण काळा कागद मागे धरल्यावर नक्की दिसेल इतकी.

म्हणजे तो वायू कार्बन डायऑक्साइड, आणि पुडीत कार्बोनेट होतं. बाटलीवर मात्र स्वच्छ अक्षरात मॅग्नेशियम ऑक्साइड.

बाटलीत काय घडलं होतं

मॅग्नेशियम ऑक्साइड हवेत सुखाने राहत नाही. ओलावा मिळाला की हळूहळू हायड्रॉक्साइड होतं, आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला की कार्बोनेटकडे झुकतं. बाटलीचं झाकण वारंवार उघडलं जातं, वर्षानुवर्षं ते सैल राहतं. पूड पांढरीच राहते, त्यामुळे कोणाला काही कळत नाही. आमच्याकडे ती बाटली किती जुनी होती हे लेबलवरून कळत नव्हतं, आणि हा दोष आमच्याच कपाटाचा.

या दोन्ही पदार्थांची आम्लाशी अभिक्रिया होते, द्रावण नितळच होतं, पण उष्णता फार कमी निघते. हायड्रॉक्साइडच्या एका मोलमागे ११४ किलोज्यूल, कार्बोनेटच्या एका मोलमागे सुमारे ५०. ही दोन्ही मूल्यं तक्त्यातल्या एन्थाल्पींवरून बसून काढता येतात, आणि मी विद्यार्थ्यांकडून ती काढून घेतली. उत्पादितांची बेरीज वजा अभिक्रियाकारकांची बेरीज. कार्बोनेटचं उदाहरण: मॅग्नेशियम आयन उणे ४६६.९, पाणी उणे २८५.८, कार्बन डायऑक्साइड उणे ३९३.५, या बेरजेतून कार्बोनेटचं उणे १०९५.८ वजा केलं की उणे ५०.४. पाण्यातल्या हायड्रोजन आयनाला शून्य धरायचा करार असतो, म्हणून आम्लाचं काही मिळवावं लागत नाही.

पण पेल्यात मोल टाकत नाहीत, ग्रॅम टाकतात. म्हणून ग्रॅममागे किती ते पाहिलं. ऑक्साइड ३.७५ किलोज्यूल, हायड्रॉक्साइड १.९५, कार्बोनेट जेमतेम ०.६०. हायड्रॉक्साइडचा मोल ५८.३ ग्रॅमचा आणि कार्बोनेटचा ८४.३ ग्रॅमचा. म्हणजे दुहेरी मार: मोलमागे उष्णता कमी, आणि एका ग्रॅममध्ये मोलही कमी.

आता पुडीत भेसळ किती हे मोजायचं. हायड्रॉक्साइड साधारण ३५० अंशांपुढे पाणी सोडून ऑक्साइड होतं, आणि कार्बोनेटही बर्नरच्या तीव्र ज्योतीत कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणून २.०० ग्रॅम पूड चिनी मातीच्या क्रुसिबलमध्ये घेऊन तापवली, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, गार केली, तोलली. १.८२. पुन्हा तापवली. १.७९. पुन्हा. १.७९. वजन थांबलं. घट ०.२१ ग्रॅम, साडेदहा टक्के.

इथे एक मजेशीर गोष्ट निघाली, ती मला आधी ठाऊक नव्हती. घट पाण्याची किती आणि कार्बन डायऑक्साइडची किती, हे नुसत्या वजनावरून कळत नाही. मग भेसळ कोणती ते न कळता हिशोब कसा करणार? आम्ही दोन्ही टोकं करून पाहिली.

सगळी भेसळ हायड्रॉक्साइडची मानली तर: शुद्ध हायड्रॉक्साइड तापून ३०.९ टक्के घटतं, म्हणून साडेदहा टक्के घटीसाठी त्याचं प्रमाण ३४ टक्के. एका ग्रॅमची उष्णता = ०.६६ × ३.७५ + ०.३४ × १.९५ = ३.१४ किलोज्यूल. पेल्यात वाढ ७.२ अंश.

सगळी कार्बोनेटची मानली तर: शुद्ध कार्बोनेट ५२.२ टक्के घटतं, म्हणून प्रमाण २० टक्के. उष्णता = ०.८० × ३.७५ + ०.२० × ०.६० = ३.१२ किलोज्यूल. वाढ पुन्हा ७.२ अंश.

आमचं मोजलेलं रीडिंगही ७.२. प्रत्यक्षात भेसळ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असणार, दोन्हींचं मिश्रण, कदाचित पाणी धरून ठेवणारं मिश्र क्षारही. पण दोन्ही टोकं एकाच आकड्यावर येत असतील तर मधलं काहीही असो, दशांश अंश वाचणाऱ्या तापमापीला फरक दिसणार नाही. योगायोग असा की तापवून घटलेल्या प्रत्येक ग्रॅममागे उष्णतेची तूट दोन्हीकडे जवळपास सारखीच, सहा किलोज्यूलच्या आसपास. हे कागदावर उतरलं तेव्हा जर्नलवाली मुलगी पेन्सिल खाली ठेवून नुसती हसली.

पुन्हा पेल्यात

क्रुसिबलमधली पूड गार झाल्या झाल्या तोलून प्रयोग पुन्हा केला. एक इशारा: ऑक्साइड फार जास्त तापवलं तर ते आळशी होतं, आम्लात विरघळायला वेळ लावतं. आमचं तापवणं बर्नरपुरतंच होतं, तरीही या वेळी पूड विरघळायला आधीपेक्षा जास्त ढवळावी लागली आणि उताराची रेघ मिळायला जास्त वेळ रीडिंग घ्यावी लागली. एकही बुडबुडा नव्हता.

वाढ ८.५ अंश. उष्णता = ४३४ × ८.५ = ३६८९ ज्यूल. भागिले ०.०२४८१, उणे १४८.७. मघाशी आपण १४९ ते १५० म्हटलं होतं. पुन्हा बेरीज: उणे ४६२.१, अधिक १४८.७, उणे २८५.८. उत्तर उणे ५९९.२.

आता आकडा ६०१.६ च्या आत होता, म्हणजे गळतीने जिकडे जायला हवं त्याच बाजूला. पक्क्या पानावरचं 'काही उष्णता परिसरात गेली' हे वाक्य आता लिहायला हरकत नव्हती. अर्धा टक्काही त्रुटी नाही म्हणून नाचू नये, हेही सांगितलं. दुसऱ्या टप्प्यात एका दशांश अंशाची किंमत पावणेदोन किलोज्यूल, पहिल्यात दोनाहून जरा जास्त. त्यामुळे शेवटच्या आकड्यात तीन-चार किलोज्यूल तर तापमापीच इकडेतिकडे करू शकतो. ५९९ ऐवजी ५९६ आला असता तरी मी तितकाच खूश झालो असतो. तिने पहिला हिशोब खोडला नाही. त्याच्याखाली रेघ मारून दुसरा लिहिला, आणि बुडबुड्यांची ओळ या वेळी पक्क्या पानावर आली.

शेजारचा गट

हे सगळं चालू असताना शेजारच्या टेबलावरचे दोघे गप्प बसून ऐकत होते. पूड त्याच बाटलीतली, पण त्यांचं उत्तर उणे ५७३.५ होतं, त्रुटी ४.७ टक्के, आणि दिशा अगदी गळतीची. मीही आधी ते पाहून पुढे गेलो होतो. आता त्यांनी तापवलेली पूड मागून घेतली आणि दुसरा टप्पा पुन्हा केला. १२६.९ चे १४६.९ झाले. पहिला टप्पा त्यांचा उणे ४५८.६. पुन्हा बेरीज केली तर उत्तर उणे ५५३.५, त्रुटी ८ टक्के.

बाटली सुधारली आणि उत्तर बिघडलं. एकाने तर पूड जास्त तापली असेल असं म्हणून क्रुसिबलकडे बोट दाखवलं.

मी त्यांना तिसरा टप्पा मोठ्याने वाचायला सांगितला. त्यांनी पाण्याची एन्थाल्पी उणे २४१.८ घेतली होती. तो आकडा खोटा नाही, तक्त्यातलाच आहे, पण तो वाफेचा. तक्त्यात पाण्याच्या दोन ओळी एकाखाली एक असतात आणि डोळा वरच्या ओळीवर गेला होता. दुसऱ्या टप्प्यात तयार होणारं पाणी द्रावणातच मिसळतं, द्रवरूपात. ते कटायचं असेल तर तिसऱ्या टप्प्यातलं पाणीही द्रवच हवं, नाहीतर एका मोल पाण्याची वाफ व्हायला लागणारी ४४ किलोज्यूल हिशोबात फुकट राहतात. खराब पुडीने उत्तर वीस किलोज्यूलने एका बाजूला ढकललं होतं आणि वाफेने चव्वेचाळीसने दुसऱ्या बाजूला. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, म्हणून त्यांची त्रुटी पाच टक्क्यांच्या आत दिसत होती.

२४१.८ खोडून २८५.८ लिहिलं. उणे ४५८.६, अधिक १४६.९, उणे २८५.८. उणे ५९७.५.

दोन्ही जर्नलांवर सही केली. बाटलीतली उरलेली पूड क्रुसिबलमध्ये थोडी थोडी तापवायला त्या दोघांनाच बसवलं, आणि नव्या लेबलवर नावाखाली तारीख आणि 'वापरण्यापूर्वी तापवून तोलावी' असं मी स्वतः लिहिलं.